करीमनं शाळा का सोडली

करीम, तुझ्या मयतीला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांना मी ओळखत नव्हतो, पण त्यांचे बैल ओळखत होतो. कब्रस्तानाबाहेर रस्त्याच्या कडेनं गाड्या सोडलेल्या होत्या, थेट कनेरगाव नाक्यापासून आखाडा बाळापूरपर्यंतच्या. त्यातल्या बहुतेक बैलांच्या खुरांना तू ठोकलेले नाल होते. एका तांबड्या बैलाच्या मानेवर बसून मी त्याला दाबून धरलं होतं, ते आठवलं आणि तशा वेळीही मला हसू फुटलं. शेजारचा माणूस वळून बघायला लागला. मी रडतोय असं त्याला वाटलं असावं. खरं तर दोन्ही चालू होतं.

मुदतीच्या तापानं तुला नीट मुदतही दिली नाही. अजून तिशीसुद्धा गाठली नव्हतीस. आज पाचवा दिवस. मी शाळेतून आलो, हातपाय धुतले आणि लिहायला बसलो, कारण आपला एक वाद अर्धवट राहिलाय. तू वाद सोडून मध्येच उठणारा माणूस नव्हतास. उठून गेलास तो एकदाच, शाळेतून. आणि वाद आहे तोही त्याचाच.

आपण हिंगोलीच्या शाळेत शेवटच्या वर्गात होतो. मी नरसीचा, शिकायला म्हणून थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी राहिलेला. तू इब्राहीमचाचांचा, म्हणजे गावच्या नालबंदाचा मुलगा. राज्य निजामाचं, त्यामुळं गणित, भूगोल, इतिहास सगळं उर्दूतून. खालच्या वर्गात आपण तीसेक जण होतो, वरच्या वर्गात आलो तेव्हा नऊ उरलो. गळालेल्या प्रत्येकाचं काहीतरी कारण होतं. एकाचं लग्न झालं आणि घरी बायको असताना बाकावर उभं राहायची त्याला लाज वाटायला लागली. एकाच्या बापानं पेरणीपुरतं म्हणून नेलं, ती पेरणी अजून संपलेली नाही. एकाला उर्दू शेवटपर्यंत पचली नाही. एक मास्तरांनी मारलं म्हणून गेला, आणि एक मास्तर कधीच मारत नाहीत, म्हणजे त्यांचं आपल्याकडं लक्षच नाही म्हणून रुसून गेला.

मी टिकलो तो तुझ्यामुळं. मौलवीसाहेब, आपले वर्गशिक्षक, तासभर जे सांगायचे ते माझ्या डोक्यावरून जायचं. शाळा सुटली की कयाधू नदीच्या काठानं चालता चालता तू तेच आपल्या बोलीत सांगायचास. पृथ्वी कशी कलते हे तू मला तुझ्या अम्माच्या हातातल्या ज्वारीच्या भाकरीवर दाखवलं होतंस. चुलीकडची बाजू म्हणजे उन्हाळा. मी भाकरी फिरवून फिरवून पाहिली, मग आपण हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ले. पुढं परीक्षेत तोच प्रश्न आला आणि उत्तर लिहिताना मला भूक लागली.

वर्गात पहिला कोण येणार हे कुणी विचारतही नव्हतं. दुसरा कोण येणार यावर भांडणं व्हायची.

दिवाळी झाली की चाचा गाडी जोडून बाजार आणि जत्रा करत फिरायचे. पिकं निघायच्या दिवसांत गाड्या रस्त्याला लागतात, तेव्हा नालबंदाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तू दर साली त्यांच्याबरोबर जायचास. मौलवीसाहेब रजा द्यायचे, कारण परत आल्यावर आठ दिवसांत तू सगळ्यांच्या पुढं गेलेला असायचास. त्या साली, मॅट्रिकच्या साली, निघताना तू मला म्हणालास, "दत्त्या, अर्जाची तारीख लागली की निरोप धाड. सही माहीच लागन. बाकी तू हाईस, मला फिकीर न्हाई."

मला फिकीर न्हाई, असं तू म्हणालास. या वाक्यानं मला किती छळलंय ते तुला कधी सांगितलं नाही.

तारीख लागली. इस्फंदार महिन्याच्या दहा तारखेच्या आत अर्ज. आता आपल्याकडं चार पंचांगं एकाच वेळी चालतात, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. कचेरीत आणि शाळेत सरकारी फसली महिने, बहमन, इस्फंदार वगैरे. तुझ्या घरी मोहरम आणि रमजान. माझ्या घरी चैत्र-वैशाख. आणि रेल्वेच्या ठेसनावर जानेवारी-फेब्रुवारी. जत्रेतल्या गाडीतळावर इस्फंदार कुणाला ठाऊक? तिथं सगळं तिथीवर चालतं. म्हणून मी हुशारी केली. गेल्या साली इस्फंदार लागल्यावर तीन-चार दिवसांत पौषी पौर्णिमा आली होती, हे मला पक्कं आठवत होतं. पौर्णिमेच्या आत तू आलास की आठवडाभर हाताशी उरेल, असा हिशेब केला आणि सोमलाकाकांना गाठलं.

सोमलाकाका तांड्यावरचे गाडीवान. त्यांच्या आजोबांच्या काळी तांड्यातले लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता काका शेती करायचे आणि उरलेल्या दिवसांत भाड्याची गाडी हाकायचे. बाळापूरच्या बाजाराकडं निघालेच होते, आणि तुमचा मुक्काम तेव्हा तिथंच होता. मी म्हणालो, "काका, करीमला सांगा, पौषी पौर्णिमेच्या आत हिंगोलीला ये. अर्ज भरायचा हाय." काकांनी दोनदा घोकलं, "पौषी पौर्णिमेच्या आत, पौषी पौर्णिमेच्या आत," आणि बैल हाकले.

करीम, त्या साली भाद्रपदात धोंड्याचा महिना येऊन गेला होता. धोंडा आला की त्यापुढचे मराठी महिने सगळे पुढं ढकलले जातात. सरकारचा इस्फंदार मात्र आपल्या जागी ठाण मांडून बसतो. पौर्णिमा गेल्या सालापेक्षा अठरा-वीस दिवस उशिरा पडणार, हे पोरंसोरंही सांगतील. आणि मला तर विसरायला काहीच सबब नव्हती. धोंड्याचं वाण द्यायला म्हणून आक्काला आणि दाजींना नरसीला बोलावलं होतं, त्यांच्याबरोबर मीही सोमलाकाकांच्याच गाडीत बसून गेलो होतो. जावयाच्या पंक्तीला शेजारी बसून पुरणाचे धोंडे मी दाजींपेक्षा जास्त हाणले होते. दाजींना चांदीची वाटी मिळाली, मला अजीर्ण झालं. जो महिना मी पोट फुटेस्तोवर खाल्ला, तोच मोजायचा विसरलो.

दहा तारीख आली आणि गेली. तुझी वाट पाहत मी वेशीपर्यंत चार चकरा मारल्या. मग दाजींचं पंचांग उघडलं, तेव्हा चूक दिसली.

तू आलास तो पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, अगदी सांगितल्याबरहुकूम. हातात जत्रेतल्या रेवड्यांचा पुडा. वर्गाच्या दारातूनच ओरडलास, "एक दिस राखून आलो बरं का." मौलवीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अर्ज जाऊन दोन आठवडे होत आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, किसने बताई तुझे ये तारीख?"

तू माझ्याकडं पाहिलंस. दोष देऊन नाही, सहज, उत्तर माझ्यापाशी असेल म्हणून. आणि मी म्हणालो, "मी बराबर सांगून धाडलं होतं. सोमलाकाकांनी काहीतरी भलतंच सांगितलेलं दिसतंय."

किती सोपं गेलं ते बोलायला. घरी जाताना कयाधूच्या काठावर तुला खरं सांगून टाकू, असं मी मनाशी ठरवलं होतं. काठ आला तेव्हा तू रेवडी खात होतास आणि बाळापूरच्या एका म्हाताऱ्या बैलाची नक्कल करत होतास, नाल ठोकताना डोळे मिटून घेणाऱ्या. मी हसलो. एकदा हसलं की खरं बोलायची वेळ निघून जाते. मौलवीसाहेबांनी वर कागद पाठवून पाहिला, त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या साली बस, म्हणाले.

काकांच्या वाट्याला मात्र टवाळी आली. वर्गातल्या पोरांनी त्यांचं नाव पौर्णिमाकाका ठेवलं. गाडी दिसली की कुणीतरी विचारायचं, "काका, आज अमावास्या का पौर्णिमा?" काका चाबूक उगारायचे आणि हसायचे. मी मान खाली घालायचो.

आणि तू काय केलंस? स्वतःचा अर्ज गेला नव्हता, तरी मला शिकवायचं सोडलं नाहीस. उलट जोर वाढवलास. बाजाराच्या दिवशी मला गाडीतळावर बोलवायचास. चाचा आणि तू मिळून दाव्यानं बैल आडवा पाडायचात, चारी पाय एकत्र बांधायचात, आणि मानेवर बसून शिंगं दाबून धरायचं काम माझं. तू खूर तासायचास, आणि तोंडात खिळे धरलेले असतानाच मला प्रश्न घालायचास. एका खुराला दोन, म्हणजे एका बैलाला आठ नाल. आठवा नाल बसेपर्यंत एक धडा म्हणून दाखवायचा. मुघलांची अख्खी वंशावळ मी बैलांच्या मानेवर बसून पाठ केली. एकदा मी औरंगजेबाला अकबराचा बाप केला. तू हातोडी खाली ठेवलीस आणि बैलाच्या मालकाला गंभीरपणे म्हणालास, "पाटील, बैलाला उठवू नका. राजा चुकला हाय, पुन्हा पह्यल्यापासून." पाटील बिचारे सावलीत जाऊन बसले. बैल मात्र माझ्याकडं फार वाईट नजरेनं बघत होता.

मी पास झालो. निकाल कळला त्या दिवशी तू मला खांद्यावर घेऊन नालबंदांच्या गल्लीतून फिरवलंस, आणि अम्मानं शिरखुर्मा केला. ईद नसताना अम्मानं शिरखुर्मा केलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

त्या पावसाळ्याआधी एका मस्तवाल खोंडानं चाचांच्या मनगटावर लाथ मारली. हाड वाकडं बसलं आणि हातोडी तुझ्याकडं आली. पुढच्या साली अर्जाची तारीख लागताच मी अर्ज घेऊन स्वतः पायी तुझ्या गाडीतळावर आलो, निरोपाच्या भानगडीत पडलोच नाही. तू कागद दोन्ही बाजूंनी वाचलास, घडी करून परत माझ्या खिशात घातलास.

"काहून?" मी चिडलो.

"अब्बाचा हात पाह्यलास न्हाई का? अन् खरं सांगू दत्त्या? मला ह्यात मजा येऊन राहिली. बैल लंगडत येतो, चालत जातो. लगेच दिसतं. शाळेत काय केलं ते दिसायला धा वर्सं लागतात."

"आणि इतकं शिकलास ते?"

"ते काय वाया गेलं? तू पास झालास ते कोणाच्या अकलेनं?"

यावर मी आणखी चिडलो. आपला वाद तिथून जो सुरू झाला तो गेल्या महिन्यापर्यंत. मी म्हणायचो, तू मुन्शी झाला असतास, पेशकार झाला असतास, वकील झाला असतास. तू म्हणायचास, वकिलाकडं लंगडे बैल कोण आणतो? आणि शाळा का सोडली असं गावात कुणी विचारलं तर प्रत्येकाला वेगळं कारण. कचेरीतल्या साहेबाला म्हणालास, "उर्दू जमली न्हाई, हुजूर," आणि ते अशा नजाकतीच्या उर्दूत म्हणालास की साहेब पानाचा डबा पुढं करून बसला. आक्काला म्हणालास, तुमच्या हातचं खाऊन वजन वाढलं, बाकावर मावत नव्हतो. मौलवीसाहेबांना मात्र कधी थट्टेनं उत्तर दिलं नाहीस. त्यांच्या तट्टाला फुकट नाल ठोकायचास आणि खाली बघायचास. ते मी पाहिलंय, करीम. तेवढं एकदा तुलाही लागलं होतं.

पुढं मी त्याच शाळेत मास्तर झालो. आता पोरगं गेलं की रजिस्टरात त्याचं नाव कमी करून पुढं कारण लिहायचं काम माझं असतं. रकाना बोटभर रुंद. मी लिहितो, "घरकाम." मी लिहितो, "गैरहाजिरी." तू एकदा रजिस्टर उघडून पाहिलंस आणि विचारलंस, "माहं काय लिवलंय?" मी जुनं रजिस्टर काढलं. तिथं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "वडिलांचा धंदा." तू मान डोलावलीस. "बराबर हाय," म्हणालास. मला तेव्हाच म्हणायचं होतं, बरोबर नाही. तो अर्ज वेळेत गेला असता तर लाथ बसायच्या आधी तू मॅट्रिक झाला असतास, आणि चाचांचा हात मोडल्यावर घर चालवायला तुझ्यापाशी दुसरी वाट असती. त्या रकान्यात माझं नाव पाहिजे. चाचांचा हात खरा, तुझी मजाही खरी, पण पहिली लाथ माझी होती. पण मी चहा मागवला.

गेल्या महिन्यात, ताप यायच्या आधी, आपण शेवटचे भांडलो. माझ्या वर्गातला एक हुशार पोरगा शाळा सोडून विटांच्या भट्टीवर जायला लागला होता. मी त्याच्या बापाला दोष देत होतो. तू म्हणालास, "दत्त्या, पोरगं एका कारणानं शाळा सोडत न्हाई. चार कारणं असतात अन् एक निमित्त. तू निमित्ताशी भांडून राहिलास." मी म्हणालो, निमित्तच नसतं तर चार कारणं काय करणार होती? तू काहीतरी बोलणार होतास, तेवढ्यात कुणाचा तरी बैल आला. उत्तर राहून गेलं.

परवा, तिसऱ्या दिवशी, तुझ्या घरी फातेहाला गेलो. अंगणात सोमलाकाका एकटे बसले होते, आता पार पिकलेले. मला राहवलं नाही. शेजारी बसलो आणि म्हणालो, "काका, ती पौर्णिमेची चूक माझी होती. तुम्ही बराबर निरोप दिला होता. तुमचं नाव मी फुकट खराब केलं."

काकांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "मला म्हाईत हाय," म्हणाले. "त्यालाबी म्हाईत होतं."

"त्याला कसं?" मी विचारलं.

"तू मव्हं नाव घेतलंस, त्याच दिशी तो तांड्यावर आला. म्या शपथ घेतली, म्हणलं, दत्त्यानं जे सांगितलं तेच म्या सांगितलं. तो म्हणला, काका, मला ठावं हाय. पंचांग म्याबी पाह्यलं. पर दत्त्या परीक्षेला बसून राहिला. आता बोललो तं त्याचं मन लागनार न्हाई अन् दोघंबी मागं ऱ्हाऊ. एक तं फुडं जाऊ द्या. पास होईस्तोवर तुमच्या नावावर ऱ्हाऊ द्या."

"आणि पास झाल्यावर?"

"तव्हा म्या इचारलं, आता सांगू का? तो म्हणला, आपन होऊन नको. त्यानं सोताहून इचारलं तं सांगा. मंग काय, दर साली म्या त्याला इचारायचो, इचारलं का रे मास्तरनं? तो म्हणायचा, न्हाई काका, पर इचारन. चांगलं पोरगं हाय." काका हसायला लागले, त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या आज्यानं बैलावर मीठ वाहिलं. म्या धा वर्सं तुही चूक वाहिली. आता घे बाबा, तुही तुला."

करीम, तुला सगळं ठाऊक होतं. बैलाच्या मानेवर मला बसवून तू वंशावळ घोकून घेत होतास तेव्हाही. मला खांद्यावर घेऊन गल्लीतून नाचवलंस तेव्हाही. मी दहा वर्षं तुला सांगायला भीत होतो, आणि तुम्ही दोघं दहा वर्षं माझी वाट बघत होतात, न चिडता, मी येणारच म्हणून. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बापानंही टाकला नाही. मला रडायला पाहिजे होतं, पण अंगणात सोमलाकाका आणि मी दोघंही हसत होतो, आणि आतून अम्मानं विचारलं की काय झालं, तेव्हा मी तिलाही सगळं सांगून टाकलं. अम्मा म्हणाली, "मला काय सांगतोस? मलाबी म्हाईत होतं."

तर ती चूक माझी होती, करीम. निरोप मी चुकवला आणि खोटंही मीच बोललो. हे सांगायला मी आलो, पण तीन दिवस उशिरा आलो. या वेळीही माझी तारीख चुकली, आणि या वेळी मी कुणा दुसऱ्याचं नाव सांगितलेलं नाही.